काउबॉय सामन्यांसाठी १२ बोअरची हलकी काडतुसं
वापरलेली काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांसाठी हे. अमेरिकेतल्या काउबॉय सामन्यांत, म्हणजे जुन्या धाटणीच्या बंदुकांच्या नेमबाजीत, पाडायच्या लोखंडी पाट्या जवळच असतात. त्यामुळे पावणेतीन इंची काडतुसात ७/८ औंस, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, शिशाचे छर्रे पुरतात. साडेसात किंवा आठ नंबरचे घ्या.

पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, गुळगुळीत हवी. विंचेस्टर एए किंवा रेमिंग्टन एसटीएस पुंगळ्या दुनळीतून झटकन बाहेर पडतात. रेघांची पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीला, धरून बसते. पितळी बूड रिसाइझ केलंच, म्हणजे दाबून मूळ मापावर आणलंच पाहिजे.

बंदुकीची दारू, २०९ प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) आणि पुंगळी ही चौकडी दारूच्या कंपनीच्या तक्त्यात असेल तशीच ठेवा. एकही भाग बदलू नका, वजन कमीही करू नका. बुशिंगवरच्या (भरणयंत्रातल्या दारू मोजायच्या मापावरच्या) आकड्यावर विसंबण्यापेक्षा दहा मापं तराजूवर तोला.

खरी मेख पुंगळीच्या तोंडाच्या घडीत आहे. जुन्या रेषांवरच, सहा किंवा आठ पाकळ्यांची, मध्ये भोक न राहता ती सुमारे दीड मिलिमीटर खोल बसावी. घडी सैल राहिली की दारू अर्धवट जळते, नुसतं ‘फुस्स’ होतं आणि वॅड नळीत अडकू शकतो. तिथेच थांबा. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. अडकलेल्या वॅडवर दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते.