गेमचा प्रोजेक्ट गिटवर टाकताय? या चुका टाळा

सोलापुरात हल्ली गेम बनवणारी पोरं बरीच दिसतात, प्रोजेक्ट गिटवर, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर, टाकतात, आणि तक्रार ठरलेली, "सर, माझ्याकडं चालतंय, त्याच्याकडं सगळं गुलाबी दिसतंय." लगेच ओळखायचं, मेटा फाइल्स उडवल्यात.

जुळे सोलापुरातल्या तिघांनी गड्ड्याच्या जत्रेवर युनिटी या गेम इंजिनात गेम काढला होता. एकाला वाटलं प्रत्येक फाइलला चिकटलेली ती डॉट मेटा म्हणजे कचरा, टाकली गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत. दुसऱ्यानं क्लोन केलं, म्हणजे प्रोजेक्टची प्रत उतरवून घेतली, तर पाळण्याला मटेरियल नाही, प्लेयरवर मिसिंग स्क्रिप्ट. पठ्ठ्यानं रात्रभर बसून सगळं हातानं जोडलं, पुश केलं, म्हणजे परत वर चढवलं, तर आता पहिल्याकडं तुटलं! कारण सीन फाइल मटेरियलला नावानं ओळखतच नाही, मेटामधल्या जीयूआयडीनं, म्हणजे त्या फाइलच्या ओळख क्रमांकानं, ओळखते, आणि मेटा नसली की युनिटी गुपचूप नवा आयडी बनवते, प्रत्येक मशीनवर वेगळा. गिटइग्नोरमधली ती एक ओळ काढा, ज्याच्याकडं गेम नीट चालतोय त्याच्याच मेटा कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा, बाकीच्यांनी फोल्डर उडवून नव्यानं क्लोन करा. अर्धवट जुळवत बसू नका.

फाइल हलवायची तर युनिटीच्या आतूनच हलवा, म्हणजे मेटाही सोबत जाते.

लायब्ररी, टेम्प, लॉग्स हे युनिटी स्वतःच बनवते ते फोल्डर मात्र इग्नोर करायचेच, आणि पहिल्या कमिटच्या आधी. नंतर ओळ टाकून आत गेलेलं बाहेर येत नाही, गिट आरएम कॅश्ड करावं लागतं.

दुसरा हट्टाचा प्रकार मोठ्या फाइल्सचा. गिटहब, म्हणजे गिटचे प्रोजेक्ट ठेवायची साइट, १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. मग पोरं काय करतात, फाइल डिलीट करून परत कमिट मारतात, आणि पुश तरी अडतोच, कारण जुन्या कमिटमध्ये ती बसलेलीच असते. एलएफएस म्हणजे मोठ्या फाइल्स वेगळ्या ठेवणारं गिटचं जोडसाधन. गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्टनं ती हिस्टरीतूनच एलएफएसमध्ये हलवा, पण हिस्टरी बदलते, तेव्हा टीमला आधी सांगा. मी तर रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा गिट फोल्डर, उघडला की पहिलं पीएसडी, एफबीएक्स, वेव्ह एलएफएसला लावतो आणि ती नोंद ठेवणारी फाइल गिटअ‍ॅट्रिब्यूट्स कमिट करतो, मगच बाकीचं. ज्याला पाच मिनिटं धीर नाही त्यानं पेन ड्राइव्हच वापरावा, खरंच.

रेपो वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका.

एकाच सीनमध्ये दोघांनी एका वेळी हात घालू नका, प्रीफॅब, म्हणजे वेगळ्या फाइलीत ठेवलेले तयार तुकडे, करून काम वाटून घ्या. अनरियल इंजिनवाल्यांनी तर यूअ‍ॅसेट फाइल मर्ज करायचा, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करायचा, विचारच सोडा, बायनरी आहे ती, एलएफएस लॉक लावा आणि घरी जाताना काढा.