तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेताय? मग असा अभ्यास करा

एफवायबीएला मी तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा आई म्हणाली, "हाई शिकीसन काय व्हई?" पारोळा तालुक्यातलं आमचं गाव, चार एकर कोरडवाहू कापूस. तिचा प्रश्न रास्तच होता. आज मी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बसते आणि तेव्हा शिकलेलं रोज वापरते. यंदा हा विषय घेणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितेय.

प्रवेशाआधी विभागात जाऊन सरांना भेटा. तिसऱ्या वर्षापर्यंत विषय मिळतो का, ते विचारून घ्या. वर्गात मुलं कमी असली तर ते चांगलंच समजा. आम्ही नऊ जण होतो, त्यामुळे रोज प्रत्येकाला बोलावंच लागायचं.

गाइड परीक्षेच्या तोंडावरच उघडा. त्याआधी एकच गोष्ट मुळापासून शिका: न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रातलं, अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे; जिथे धूर तिथे अग्नी, जसं चुलीपाशी. इथवर सोपं आहे. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे का चालत नाही? मला पुस्तकातून कळेना. मग एकदा अवकाळी पावसात पऱ्हाट्या भिजल्या. आईने त्याच चुलीत घातल्या आणि घरभर धूर, डोळ्यांतून पाणी. एरवी वाळक्या पऱ्हाट्या भडभड जळायच्या, धूर नावाला. म्हणजे धुराला नुसता अग्नी पुरत नाही, सरपण ओलं लागतं. पुस्तकातला 'उपाधी' हा शब्द, म्हणजे नियमामागे लपलेली अट, मला त्या दिवशी समजला.

आता दुकानात हेच होतं. कापसावर लाल्या आला की शेतकरी पान घेऊन येतो: "शेजारच्याने अमुक टॉनिक मारलं, त्याचा कापूस हिरवागार. मलाही तेच दे, ताई." मी विचारते, त्याची जमीन कोणती? काळी, भारी. आणि तुमची? मुरमाड. नत्राचा शेवटचा हप्ता दिलात का? नाही. हलक्या जमिनीत मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, वर रात्री गार झाल्या, की पान लाल होतं. शेजाऱ्याचा कापूस हिरवा राहण्यामागे टॉनिकच आहे, हे कशावरून? महागडी बाटली राहते आणि ते मॅग्नेशियम सल्फेट घेऊन जातात.

एक वही करा. डाव्या पानावर दिवसभरात ऐकलेलं एक ठाम विधान, उजव्या पानावर "कशावरून?" व्हॉट्सअॅपवरचं, कीर्तनातलं, स्वतःचंसुद्धा.

एसटीत मी आणि मैत्रीण वाद घालायचो. ती पूर्वपक्ष, मी उत्तरपक्ष. नियम असा, की आधी समोरचीचं म्हणणं तिला पटेल असं मांडायचं, ती "हो, हेच" म्हणाली की मगच खोडायचं. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची. परीक्षेत शंकराचार्य आणि रामानुज यांच्यातला फरक लिहिताना याचा जितका उपयोग झाला तितका नोट्सचा झाला नाही.

अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर एकदा तरी बघा. 1916 साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी ते उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विद्वान तिथे होते आणि साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथे अभ्यासाला होते. एवढं आपल्या खान्देशात आहे, हे फार थोड्या मुलांना माहीत असतं. जाताना वहीतला एक प्रश्न घेऊन जा.

घरच्यांना नोकरीचं सांगावं लागतं. यूपीएससी मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा पेपर 250 गुणांचा आहे, आणि तत्त्वज्ञान वैकल्पिक घेतलं तर आणखी 500 गुण. ते सांगा, पण विषय काय आहे तेही सांगा, तेही त्यांच्या भाषेत. मी आईला चुलीच्या धुराचं सांगितलं. तिने फुंकणी खाली ठेवली, थोडं थांबली आणि म्हणाली, "राखखाले इस्तो ऱ्हास, त्याले कोठे धूर?" दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं. धुराशिवायच्या अग्नीचं पुस्तकातलं उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचं; सरांनी फळ्यावर त्याच्याशेजारी आईचा राखेतला विस्तव लिहिला.