सलगमाचा कंदील कसा कोरावा

हॅलोविनला भोपळा कोरायचा हे सगळ्यांना माहीत असतं. आयर्लंडमध्ये काउंटी मीथला राहायला आले त्या वर्षी मीही भोपळाच आणला होता. शेजारच्या आजींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या लहानपणी सलगम असायचा." दुसऱ्या दिवशी त्याच एक सलगम घेऊन आल्या. तेव्हापासून आमच्या दारात सलगमच लागतो.

भोपळा मुळात अमेरिकेतला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं तिकडे गेली. त्यांच्याबरोबर ही रीतही गेली आणि तिथे हाताशी मोठा, मऊ भोपळा आला. मूळ सण साविनचा: ३१ ऑक्टोबरची रात्र, सुगी संपून हिवाळा सुरू होण्याची. त्या रात्री मेलेली माणसं नि परी-भुतं इकडे येतात अशी समजूत, म्हणून दाराशी भेसूर चेहरा ठेवायचा. आमच्या जवळच्या अथबॉयच्या टेकडीवर, त्लाख्तग्याला, या सणाची मोठी आग पेटायची असं इथे सांगतात.

आता सलगम. इथे ज्याला टर्निप म्हणतात तो आपल्या सलगमाचा थोराड भाऊ: वरून जांभळट, आतून पिवळा आणि दगडासारखा टणक. नारळाएवढा घ्या. बूड सपाट नसेल तर पातळ चकती कापून तो नीट बसता करा. वरची दोन बोटं जाडीची टोपी कापून बाजूला ठेवा.

खरं काम आत कोरण्याचं. आजी जाड पोलादी चमच्याने तासभर कोरतात. मी तशी कोरायला बसले तर तळहाताला फोड आला. मग आईने दिलेली विळी आठवली. आधी सुरीने आत उभ्या-आडव्या चिरा द्यायच्या, चमच्याने वाटीएवढा खळगा करायचा आणि मग सलगम दोन्ही हातांनी धरून खोबरं खवतो तसा खवणीवर फिरवायचा. किस भराभर पडतो. कड बोटाच्या जाडीची राहिली की थांबा. त्याहून पातळ केली तर चेहरा कोरताना फुटते. विळी नसेल तर चमचाच घ्या, पण सलगमाखाली ओलं फडकं ठेवा. तो निसटला तर सुरी हातावर येते.

किस टाकू नका. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून भाजणीत मळला की थालीपिठं सुरेख होतात. आजींना आवडली.

चेहरा लहान ठेवा. डोळे पेन्सिलीच्या टोकाने आखून छोट्या टोकदार सुरीने काढा; तोंड आडवी फट, त्यात दोन-तीन दात. सुबक करायच्या नादाला लागू नका. कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कमधल्या संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउनहून आलेल्या जुन्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. सुरकुतलेला, दात विचकलेला तो चेहरा पाहून माझा मुलगा माझ्यामागे लपला होता. तसा यायला हवा.

टोपीला भोक पाडा, नाहीतर मेणबत्ती गुदमरून विझते. कडेला समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवली की आकाशकंदिलासारखा टांगता येतो. लहान मुलं हातात घेऊन फिरणार असतील तर बॅटरीचाच दिवा लावा. त्यांचे झगे चटकन पेट घेतात. दारात ठेवायचा असेल तर बसकी मेणबत्ती चालते, पण पायरीच्या कडेला, झग्यांच्या वाटेबाहेर. सलगम तापला की उग्र वास येतो. मला तो वास आता हवासा वाटतो.

कोरायचा आदल्या दिवशीच. फार आधी कोरला तर सणाआधीच आक्रसतो. ३१ तारखेला इथे पाचच्या सुमारास अंधारतं, तेव्हा लावा. पेटलेला कंदील दिसला की मुलं दार वाजवतात आणि म्हणतात, "हेल्प द हॅलोविन पार्टी." त्यांच्या पिशवीत चॉकलेटं घाला, पण सालासकट भुईमुगाच्या शेंगा आणि सफरचंदही घाला; जुना खाऊ तोच.

दुसऱ्या दिवशी लगेच फेकू नका. थंडीत पायरीवरच राहू द्या. तीन-चार दिवसांत गाल आत ओढले जातात, दात वाकडे होतात आणि तेव्हा तो अगदी त्या फिनटाउनच्या कंदिलासारखा दिसायला लागतो.