स्प्रिंगफिल्डमधील लिंकन यांचे घर पाहताना

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी अब्राहम लिंकन इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफिल्डमध्ये ज्या घरात 1844 ते 1861 या काळात राहिले, ते घर आज राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखाली आहे. लिंकनपुत्र रॉबर्ट यांनी 1887 मध्ये ते राज्याला देताना प्रवेश विनामूल्य ठेवण्याची अट घातली असल्यामुळे आजही शुल्क नाही. तथापि आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येत असल्याने प्रथम अभ्यागत केंद्रातून ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे. गर्दीच्या दिवसांत सकाळी लवकर पोहोचणे श्रेयस्कर.

दिवाणखान्यात थोडे रेंगाळावे, कारण राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्याची औपचारिक वार्ता 1860 मध्ये पक्षाच्या शिष्टमंडळाने येथेच दिली. इतर वस्तूंना हात लावता येत नाही. जिन्याच्या लाकडी कठड्यावरून मात्र हात फिरवत वर जाता येते, आणि मला तरी साऱ्या घरात तोच क्षण सर्वांत जिवंत वाटतो. वर शयनगृहातील लिंकन यांचे लिहिण्याचे मेज त्यांच्या उंचीच्या मानाने इतके लहान आहे की नजर तेथेच खिळते.

जवळच, 2005 मध्ये खुले झालेले लिंकन संग्रहालय आहे. त्याला प्रवेशशुल्क असून त्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा.