लष्करी मेटल डिटेक्टरने सोने शोधताना या चुका टाळा

लष्कराने वापरातून काढलेले सुरुंगशोधक यंत्र हाती आले की बहुतेकांच्या मनात एकच हिशेब येतो. जे यंत्र प्लॅस्टिकच्या सुरुंगातली टाचणीएवढी धातूची काडी ओळखते, त्याला सोन्याचा बारीक खडा सापडणे कितीसे अवघड असणार? हा हिशेब अर्धाच खरा आहे. सुरुंग शोधणाऱ्याला वरच्या वीतभर मातीतला एकही धातू सुटून चालत नाही, आणि त्या बदल्यात दहा वेळा खोटी सूचना मिळाली तरी तो ती सोसतो. सोने शोधणाऱ्याला मात्र लोहखनिजाने भरलेल्या जमिनीवर तासन्‌तास फिरायचे असते, आणि त्या जमिनीचा आवाज बाजूला सारून अगदी क्षीण संकेत ऐकायचा असतो. या यंत्रांवरची मेहनत बहुधा वाया जाते ती संवेदनक्षमता आणि ताकद वाढवण्याच्या हट्टापायी. मी पाहिलेल्या बिघडलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांना गरज होती ती अधिक शांत आणि अधिक स्थिर होण्याची.

यंत्राचा प्रकार न पाहता खरेदी करणे

१९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत वापरली गेलेली पोलिश यंत्रे किंवा अमेरिकेचे एससीआर-६२५ ही इतिहास म्हणून जपावीत अशी यंत्रे आहेत, पण सोन्यासाठी त्यांची मोडतोड करण्यात अर्थ नाही. एससीआर-६२५ साधारण १००० हर्ट्झवर चालते, तर बारीक सोन्यासाठी बनवलेली अखंड लहरींची, म्हणजे न थांबता संकेत सोडत राहणारी, यंत्रे कित्येक दहा किलोहर्ट्झवर चालतात. फिशरचे गोल्ड बग २ तर ७१ किलोहर्ट्झवर. ही दरी एखादा कपॅसिटर बदलून भरून निघणारी नाही. शिवाय त्या काळातील लष्करी उपकरणांच्या चमकत्या तबकड्यांत रेडियमचा रंग असू शकतो. तबकडी आता चमकत नाही म्हणजे ती निरुपद्रवी झाली असे समजू नये, कारण चमकणारा पदार्थ झिजतो, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे असते. अशी तबकडी उघडू नये आणि खरवडू तर मुळीच नये.

बदल करण्याजोगी यंत्रे म्हणजे पल्स इंडक्शन पद्धतीची, म्हणजे विजेचे ठोके सोडून मधल्या शांततेत ऐकणारी. शीबेलचे एएन-१९/२, ज्याला अमेरिकी सैन्यात एएन/पीएसएस-१२ म्हणतात, हे त्यांतले प्रसिद्ध नाव. मिनलॅबचे एफ१ए४ हेही सुरुंगशोधकच आहे, परंतु ते सोने शोधण्याची यंत्रे बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीचे असून जमिनीचा परिणाम वजा करण्याची सोय त्यात मुळातच आहे. असे यंत्र मिळाल्यास त्याच्या आतल्या मंडलात (सर्किटमध्ये) हात न घालता फक्त ते नीट वापरायला शिकावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

विलंब कमी करण्याची घाई

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो. पल्स यंत्र कॉइलमधून विद्युतप्रवाहाचा एक ठोका सोडते आणि तो अचानक तोडते. तोडताक्षणी कॉइलच्या टोकांवर काही शे व्होल्टचा उसळा येतो, तो विरून जातो, आणि ठोका तोडल्यापासून ठरावीक मायक्रोसेकंदांनी यंत्र कानोसा घेते. या मधल्या वेळेलाच विलंब म्हणतात. जमिनीतल्या धातूत उठलेले भोवरा प्रवाह तोपर्यंत टिकले असतील, तरच ते ऐकू येतात.

आता सोन्याचा हिशेब पाहा. शुद्ध सोन्याची २ मिलिमीटर व्यासाची गोळी घेतली, तर तिचे वजन सुमारे ०.०८ ग्रॅम भरते आणि तिच्यातल्या प्रवाहाचा कालस्थिरांक, म्हणजे प्रवाह सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ, जेमतेम ६ मायक्रोसेकंद येतो. कानोसा १२ मायक्रोसेकंदांनी घेतला तर मूळ संकेताचा साधारण आठवा हिस्सा उरलेला असतो. ३० मायक्रोसेकंदांनी घेतला तर शंभरावा हिस्साही उरत नाही. व्यास दुप्पट झाला की कालस्थिरांक चौपट होतो, म्हणून ४ मिलिमीटरची गोळी ३० मायक्रोसेकंदांनाही बऱ्यापैकी बोलते. निसर्गात सापडणाऱ्या खड्यात चांदी मिसळलेली असते, तो सच्छिद्र आणि वेडावाकडाही असतो, त्यामुळे त्यातला प्रवाह याहूनही लवकर विरतो. विलंब कमी करावासा वाटतो तो यामुळेच, आणि ती इच्छा योग्यच आहे.

चूक होते ती पुढे. टायमिंगचा एक रेझिस्टर बदलून विलंब १० मायक्रोसेकंदांवर आणला जातो, आणि यंत्र सतत किंचाळू लागते किंवा एकदम मुके होते. कॉइलचा उसळा तोपर्यंत विरलेलाच नसतो, त्यामुळे यंत्र जमिनीऐवजी स्वतःचीच कॉइल ऐकत राहते. टायमिंगला हात लावण्यापूर्वी उसळा लवकर विरेल अशी व्यवस्था करावी लागते, आणि ती कॉइल, केबल, डॅम्पिंग रेझिस्टर व पहिला ॲम्प्लिफायर या चौघांवर मिळून अवलंबून असते.

डॅम्पिंग रेझिस्टर म्हणजे कॉइलला समांतर जोडलेला, उसळा शमवणारा रेझिस्टर. त्याचे योग्य मूल्य म्हणजे कॉइलच्या प्रेरकतेला एकूण धारकतेने भागून, त्याचे वर्गमूळ काढून, त्याची निम्मी किंमत. ३०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३०० पिकोफॅरॅड धारकता असेल तर उत्तर ५०० ओहम येते. परंतु पुष्कळ मंडलांत ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यामागे उसळा कापणारे डायोड असतात. उसळा चालू असताना हा रेझिस्टर डॅम्पिंग रेझिस्टरला समांतर येतो. म्हणून प्रत्यक्षात ५०० नव्हे, तर १ किलोओहमचा डॅम्पिंग रेझिस्टर लावावा लागतो. हे विसरून ५०० ओहम लावला की उसळा रेंगाळतो, आणि मग लोक कॉइललाच दोष देतात.

साध्या कोॲक्सिअल केबलची धारकता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरॅड असते, तेव्हा सोयीसाठी केबल दोन मीटरने लांबवणे म्हणजे वर केलेला सगळा हिशेब मोडणे होय. केबल बदलायचीच असेल तर ती आखूड आणि कमी धारकतेची घ्यावी, आणि रेझिस्टर पुन्हा जुळवावा. ॲम्प्लिफायरच्या पहिल्याच टप्प्यात हजारपट वर्धन असेल तर तोही उसळ्याने भरून जातो आणि भानावर यायला वेळ घेतो. तिथे वर्धन निम्मे केल्याने संकेत निम्मा होतो खरा, पण काही मायक्रोसेकंद आधी ऐकता येते, आणि बारीक सोन्यासाठी हा सौदा फायद्याचा ठरतो.

मोजतानाही एक फसगत होते. ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा वक्र पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) प्रोब एकपट स्थितीत ठेवून कॉइलला टेकवला, तर प्रोबचीच सुमारे १०० पिकोफॅरॅड धारकता मंडलात शिरते आणि पडद्यावरचा वक्र खोटा ठरतो. दहापट स्थितीतला, काही शे व्होल्ट सोसणारा प्रोब वापरावा, आणि शक्यतो ॲम्प्लिफायरच्या निर्गमावर पाहावे. तिथे वक्र वरून खाली येतो, सपाट होतो आणि स्थिर राहतो. तो सपाट झाल्यानंतर दोन-तीन मायक्रोसेकंदांनी कानोसा सुरू व्हावा. सपाट होताना तो खाली बुडी मारून पुन्हा वर येत असेल तर रेझिस्टरचे मूल्य जास्त आहे, आणि आळसावल्यासारखा हळूहळू उतरत असेल तर ते कमी आहे.

कवच हेच लक्ष्य ठरणे

कॉइलभोवती विद्युत कवच नसेल तर ओले गवत लागले तरी यंत्र ओरडते, म्हणून कवच हवेच. मी पहिल्या कॉइलला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली होती. मूळच्या विलंबावर ती उत्तम चालली. विलंब १२ मायक्रोसेकंदांवर आणल्यावर मात्र यंत्राला सर्वांत जवळचा धातू म्हणून ती पट्टीच दिसू लागली, आणि उन्हात कॉइल तापली की आवाजाची पातळी सरकत राहायची. दोन आठवडे मी ॲम्प्लिफायर तपासत बसलो होतो. पट्टी काढून ग्राफाइटचा रंग दिला तेव्हा ते सगळे थांबले. कवच कोणतेही असो, त्याच्या वेढ्यात एक फट सोडावीच लागते. तो वेढा पूर्ण जुळला की तो स्वतःच बंद विळखा बनून संकेत खाऊन टाकतो. कॉइलजवळचे धातूचे स्क्रू आणि जाड डाखही याच कारणाने त्रास देतात. कॉइलची तार खोबणीत हलत असेल, तर प्रत्येक दगडाला टेकताना आवाज येतो. तार राळेने पक्की बसवल्याशिवाय हा दोष जात नाही.

बॅटरी

एएन-१९/२ चार मोठ्या दीड व्होल्टच्या सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर चालते. त्यात पुनर्भारित होणारे १.२ व्होल्टचे चार सेल घातले तर बेरीज ४.८ व्होल्ट होते, आणि सेल भरलेले असूनही यंत्र बॅटरी उतरल्याची सूचना देऊ शकते. याउलट लिथियमचे दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात, आणि तेवढ्याने मंडल जळू शकते. व्होल्टेज वाढवले की खोली वाढते हा समज मनातून काढून टाकावा: विशिष्ट लक्ष्याचा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने क्षीण होत असल्यामुळे, प्रवाह दुप्पट केला तरी खोली जेमतेम बारा टक्क्यांनी वाढते, आणि जमिनीचा आवाज मात्र पुरता दुप्पट होतो. व्होल्टेज उतरवण्यासाठी स्वस्त स्विचिंग कन्व्हर्टर वापरल्यास त्याचा खरखराट थेट ॲम्प्लिफायरमध्ये उतरतो. साधा रेषीय रेग्युलेटर थोडी ऊर्जा वाया घालवतो, पण शांत राहतो.

जमीन न मोजता दोष शोधणे

जांभ्या मातीत आणि लोहखनिजाच्या खड्यांवर साधे पल्स यंत्र बडबडते, आणि मालक यंत्र बिघडले म्हणून ते उघडून बसतो. या मातीतले अतिसूक्ष्म चुंबकीय कण ठोका थांबल्यावरही काही काळ प्रतिसाद देत राहतात, आणि तो प्रतिसाद धातूसारखाच भासतो. कंबोडियासारख्या जांभ्या मातीच्या प्रदेशांत सुरुंग काढणाऱ्यांनाही हीच अडचण आली होती. सुरुंगशोधकांच्या चाचण्यांत जमिनीचा उपद्रव मोजण्यासाठी शीबेलचेच यंत्र वापरले गेले, कारण त्यात जमीन वजा करण्याची सोय नाही. १० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १० सेंटिमीटरवर जेमतेम ओळखेल इतके यंत्र जुळवायचे, मग कॉइल वरून जमिनीकडे उतरवत आणायची आणि आवाज ज्या उंचीवर सुरू होतो ती उंची नोंदवायची. ही पद्धत कोणालाही करता येते. आवाज वीतभर उंचीवरच सुरू होत असेल, तर त्या जागी साध्या यंत्राकडून सोन्याची अपेक्षा ठेवू नये.

जमीन वजा करण्यासाठी नंतरचा दुसरा कानोसा घेऊन तो पहिल्यातून योग्य प्रमाणात वजा करण्याचे मंडल बसवता येते. ते बसवताना हे माहीत असावे की जमिनीसारख्याच वेगाने विरणारे काही खडेही त्याबरोबर वजा होतात, आणि त्याहून मंद विरणाऱ्या मोठ्या खड्यांचा सूर उलटा येतो. उलटा सूर म्हणजे लोखंड असे समजून पुढे जाणाऱ्याच्या हातून नेमका मोठा खडा सुटतो.

अंगठीने केलेली चाचणी

बदल जमला की घरातली सोन्याची अंगठी कॉइलसमोर धरून पाहिली जाते, आणि ती हातभर अंतरावर ओळखली की समाधान होते. अंगठी हा बंद विळखा आहे. त्यात प्रवाह फिरत राहतो आणि तो पल्स यंत्राला फार ठळक दिसतो. त्याच वजनाच्या ओबडधोबड खड्याशी त्याची तुलना होत नाही. चाचणीसाठी निरनिराळ्या आकारांच्या शिशाच्या गोळ्या वापराव्यात, आणि त्या हवेत न धरता ज्या मातीत शोधायचे आहे त्याच मातीत पुराव्यात. प्रत्येक बदलानंतर त्याच गोळ्या, त्याच खोलीवर. एका वेळी एकच बदल करावा आणि आकडे वहीत लिहावेत.

मैदानात

कॉइल झोक्याच्या दोन्ही टोकांना उचलली जाते, ही सवय सर्वांत महाग पडते. कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीलगत राहिली पाहिजे. पोलादी टोकाचे बूट घालून कॉइल पायाजवळ आणली की दर पावलाला संकेत येतो. दोन पल्स यंत्रे जवळजवळ चालली तर दोन्ही डळमळतात. खणलेल्या मातीतून आधी चुंबक फिरवावा, म्हणजे खिळे आणि तारेचे तुकडे लगेच वेगळे होतात.

परवानगीशिवाय खणू नये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो; इतर प्रदेशांचे नियम निघण्यापूर्वीच पाहून घ्यावेत. जुन्या गोळीबार मैदानांवर आणि युद्धभूमीवर सोन्यासाठी पाऊलही टाकू नये, कारण तिथे यंत्र जे दाखवेल ते न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

बदललेल्या यंत्राच्या पेटीवर ‘सुरुंग शोधण्यास अयोग्य’ असे न पुसणाऱ्या अक्षरांत लिहावे. विलंब, वर्धन आणि जमीन वजा करण्याचे मंडल यांत हात घातल्यावर त्या यंत्राला आता कोणता सुरुंग दिसत नाही, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि बाहेरून ते लष्करी यंत्रच दिसत असल्यामुळे, पुढे ते ज्याच्या हाती जाईल त्याला ती अक्षरे वाचूनच ते कळेल.