परदेशात इस्त्री नेताना: पिना नव्हे, व्होल्ट पाहा

इस्त्री उभी ठेवतो त्या मागच्या बाजूवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि वॉट छापलेले असतात. बॅग भरण्याआधी तेवढं वाचा. 'यूनिव्हर्सल' अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेच राहतं.

भारतात 230 व्होल्ट, ब्रिटन आणि युरोपातही तेवढेच, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100. 50 की 60 हर्ट्‌झ याने साध्या इस्त्रीला फरक पडत नाही. व्होल्टेज निम्मं झालं की वॉट मात्र निम्मे नाही, जवळपास पाव होतात. आपली 1000 वॉटची इस्त्री अमेरिकेत जेमतेम 270 वॉट देते. दिवा लागतो, तळ कोमट होतो, पण सुती शर्टाची सुरकुती काही हलत नाही.

धोका उलट दिशेला आहे. अमेरिकेतली 1200 वॉटची इस्त्री इथे लावली तर ती 4400 वॉट, म्हणजे सुमारे 19 अँपिअर खेचू पाहते. घरातला मोठा सॉकेटही 16 अँपिअरचाच. थर्मोस्टॅट सांभाळून घेईल असं समजू नका: तळ तापल्यावर तो वीज तोडतो, पण त्याआधीच एलिमेंट (तापणारी तार) जळू शकतं किंवा थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटू शकतात. मग शेवटचा आधार थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज कायमची तोडणारा. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. फ्यूज काढून 'डायरेक्ट करून देतो' म्हणणाऱ्याकडून इस्त्री परत घ्या आणि निघा.

प्रवासी इस्त्रीवर 120/240 चा खटका असतो, बऱ्याचदा नाण्याने फिरवायचा. तो प्लग लावायच्या आधी फिरवा, आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा 240 वर आणा. हमखास विसरतं ते हेच. ज्या इस्त्रीवर '100–240' छापलेलं असतं तिला खटका लागत नाही.

व्होल्टेज बदलणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर साध्या, डायलच्या इस्त्रीपुरतेच. आपोआप बंद होणाऱ्या किंवा डिस्प्लेवाल्या इस्त्रीतलं सर्किट त्यांच्यावर बिघडू शकतं. 1000 वॉटचा खरा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलोंचा असतो. त्यापेक्षा तिथेच स्वस्तातली इस्त्री घेतलेली बरी.

ब्रिटनमध्ये व्होल्टेजचा प्रश्न नाही, अडॅप्टरचा आहे. त्याच्यावरचे अँपिअर बघा: 1000 वॉटला साडेचार लागतात, 2000 वॉटच्या स्टीम इस्त्रीला जवळपास नऊ. बाथरूममधला दोन पिनांचा सॉकेट फक्त शेव्हरसाठी असतो, तिथे इस्त्री नको. तीन पिनांची इस्त्री दोन पिनांच्या अडॅप्टरला कुठेच लावू नका. अर्थिंग तुटतं, आणि आत वायरचं इन्सुलेशन गेलेलं असेल तर धातूच्या तळातून शॉक बसतो.

पहिल्यांदा लावल्यावर पाच मिनिटं समोर थांबा. दिवा विझून पुन्हा लागला तर थर्मोस्टॅट काम करतोय. प्लग हाताला चटका देत असेल किंवा जळका वास आला तर सॉकेटचं बटण बंद करा. बटण नसेल तर वायर न ओढता प्लग धरून काढा.