अमेरिकेत निवडणूक खर्चाला मर्यादा घालायची, तर घटनादुरुस्ती कशी करावी लागेल

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची खर्चमर्यादा असते. अमेरिकेत असा आकडा सक्तीने लादताच येत नाही. ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ (1976) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरची मर्यादा राखली आणि खर्चावरची रद्द केली. प्रचारासाठी पैसा खर्च करणं हाही अभिव्यक्तीचाच भाग, असं त्यामागचं तर्कशास्त्र. 2010 च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्या आणि कामगार संघटनांनाही स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता केलेल्या, प्रचारखर्चाची मुभा मिळाली. दोन्ही निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या, राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीवर उभे आहेत. न्यायालयाने स्वतः भूमिका बदलली नाही, तर घटनादुरुस्तीच उरते.

सर्वाधिक वेळ मसुद्यावर घाला. ‘कंपनी म्हणजे माणूस नव्हे’ ही घोषणा म्हणून झकास, पण मसुदा म्हणून अपुरी. तिने 2010 चा निकाल हलेल, 1976 चा जागचा हलणार नाही, आणि एखादा अब्जाधीश स्वतःच्या खिशातून हवे तेवढे उधळत राहील. म्हणून पैसा ‘जमवणे’ आणि ‘खर्च करणे’ दोन्ही लिहा; उमेदवारांसोबत ‘निवडणुकीवर प्रभाव टाकू पाहणारे इतर’ही घ्या. अधिकार काँग्रेसबरोबर (म्हणजे अमेरिकी संसदेबरोबर) राज्यांनाही द्या, नाहीतर गव्हर्नरची निवडणूक कक्षेबाहेर राहते. डॉलरचा आकडा मात्र घालू नका. ज्युरीच्या हक्काविषयीच्या सातव्या दुरुस्तीत दाव्याच्या रकमेचे ‘वीस डॉलर’ 1791 पासून तसेच बसले आहेत!

‘वाजवी मर्यादा’ या शब्दावर वाद होतोच. तो ठेवला तर वाजवी काय हे पुन्हा न्यायालय ठरवणार. काढला तर सत्तेवरचे लोक मर्यादा इतकी खाली आणतील, की नवख्याला नावही लोकांपर्यंत पोचवता येणार नाही. ठेवलेलाच बरा. वृत्तपत्रस्वातंत्र्याला धक्का लागणार नाही हे वाक्यही हवंच. त्याशिवाय अग्रलेखसुद्धा ‘खर्च’ म्हणून मोजला जाईल.

मग काँग्रेस. तोच मजकूर शब्दशः दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो: सगळे हजर असतील तर प्रतिनिधिगृहात 290, सिनेटमध्ये 67. राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. सिनेटमध्ये त्याआधी चर्चा थांबवायला 60 मतं जमवावी लागतात. सप्टेंबर 2014 मध्ये याच विषयावरचा ठराव 54 विरुद्ध 42 वर अडला. काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की ठराव मरतो, पुन्हा नव्याने मांडायचा. 34 राज्यांनी मागणी करून घटनापरिषद बोलवायची, ही दुसरी वाट आजवर एकदाही पूर्ण झालेली नाही.

खरी चढण पुढेच. आपल्याकडे कलम 368 खाली जिथे राज्यांची संमती लागते तिथे निम्म्या राज्यांवर भागतं, तिकडे 50 पैकी 38 लागतात. नेब्रास्का सोडलं तर सगळीकडे दोन सभागृहं आहेत, त्यामुळे 13 राज्यांत एकेका सभागृहाने नकार दिला तरी काम थांबतं. म्हणून सुरुवात अवघड राज्यांपासून करा. जनमतावर विसंबू नका: कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये ‘प्रस्ताव 59’ मंजूर केला, पण तो केवळ सल्ल्यापुरता, अनुमोदन विधिमंडळानेच द्यावं लागतं, किंवा काँग्रेसने तसं ठरवलं असेल तर राज्यात त्यासाठी भरवलेल्या खास परिषदेने. तिकडचे मराठी वाचक आमदारांना पत्र लिहू शकतात, सभेला जाऊ शकतात. मात्र एच-1बी व्हिसावर असाल तर उमेदवाराला एक डॉलरही देऊ नका, ते बेकायदा आहे. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी नाही.

अनुमोदनाची कालमर्यादा ठरावाच्या प्रस्तावनेत टाकायची की दुरुस्तीच्या मजकुरात, हे आधीच ठरवा. प्रस्तावनेतली मुदत काँग्रेसने स्त्री-पुरुष समान हक्क दुरुस्तीच्या वेळी 1979 वरून 1982 पर्यंत वाढवली, आणि ती वाढ वैध होती का यावर कज्जे झाले.

अडतिसावं राज्य आलं तरी त्या दिवशी एकही मर्यादा लागू होत नाही. दुरुस्ती फक्त अधिकार देते, आकडे कायद्याने ठरतात. ते विधेयक आधीच तयार ठेवा आणि त्यात संघीय निवडणूक आयोगाची रचनाही बदला: सहा सदस्य, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीन झाले की फाइल तिथेच पडून राहते.